पैसे सांभाळण्याचे पैसे

मैत्रिणींनो, पैसे सांभाळून ठेवण्यासाठी दुसऱ्याला पैसे मोजायचे, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? आमच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कुंपणानंच शेत खायचं की गं!"

विषय निघाला तो माझ्या इंग्लंडातल्या चुलत बहिणीमुळे. तिकडे काही वर्षांपूर्वी कर्जात अडकलेल्या लोकांसाठी एक निराळ्या तऱ्हेचं खातं निघालं. पगार जमा झाला की घरभाडं, वीज, गॅस, कर्जाचा हप्ता यांचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवायचे आणि उरलेले तेवढे खातेदाराच्या हाती खर्चायला द्यायचे. या देखभालीबद्दल खातेदाराने दर महिन्याला फी भरायची. या खात्याला तिकडे नाव पडलं 'जॅम जार', म्हणजे मुरांब्याच्या बरण्यांचं खातं. कारण पूर्वी तिथल्या गृहिणी फळीवरच्या रिकाम्या बरण्यांत भाड्याचे, कोळशाचे, दुधाचे पैसे वेगवेगळे ठेवत. बहिणीचा प्रश्न साधा होता. "आधीच कर्जात बुडालेल्या माणसाकडून वर आणखी फी घ्यायची, यात त्याचं भलं ते काय?"

बरण्यांचं आपल्याला नवल नाही. आपल्याकडे हळदीचा डबा आहे, तांदळाचं पिंप आहे, देवघरामागची पुरचुंडी आहे, कपाटातल्या साड्यांच्या घड्या आहेत. दुधाचं पाकीट, वाण्याचं पाकीट, मुलांच्या फीचं पाकीट अशी पाकिटं करून महिना ओढणाऱ्या कितीजणी मी पाहते. फुकट होणाऱ्या या कामाचे पैसे कशाला द्यायचे? आणि दिले, तर कर्जातल्या माणसाला त्याचा खरोखर उपयोग होतो का?

याचं उत्तर शोधायला मला लंडन गाठावं लागलं नाही. पिशवी घेऊन मंडईपर्यंत गेलं तरी पुरतं.

पुण्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमची ही मंडई १८८६ साली उभी राहिली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ते ठेवलेलं. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी या इमारतीवर एवढा पैसा ओतायला विरोध केला होता. तो शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, सप्टेंबर २०२४पासून शेजारी जमिनीखालून मेट्रोही धावू लागली. पण पैसा कुणाचा, कुणाच्या कामी लागतो आणि मधे कोण खातो, हा जोतीरावांच्या तोंडचा प्रश्न मंडईच्या फरशीवर आजही बसलेला आहे. पालेभाज्यांच्या जुड्यांशेजारी, गोणपाटावर.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. दुपारची शाळा सुटली की घरी जाता जाता भाजी घेते. ही वेळ पिग्मीवाल्यांची. खांद्याला बॅग, हातात छोटं यंत्र घेऊन एकेका पथारीशी ते थांबतात. कुणी पन्नास देतं, कुणी शंभर, कुणी वीस. यंत्रातून चिठ्ठी निघते, ती कनवटीला जाते. दोन मिनिटांत काम झालं की माणूस पुढे.

ही पिग्मी मूळची दक्षिण कर्नाटकातली. उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने १९२८ साली ती सुरू केली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. रोज निदान दोन आणे, तेही बँकेच्या माणसाने दारात येऊन न्यायचे. विणकर, छोटे दुकानदार, रोजंदारीवाले यांना बँकेची पायरी चढायला वेळ नसे आणि धीरही नसे; म्हणून बँकच त्यांच्याकडे गेली. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सहकारी बँका आणि पतसंस्था याच रीतीने पैसे गोळा करतात.

आता यात पैसे देणं कुठे आलं? वरवर पाहता पिग्मीवाला आपल्याकडून दमडी घेत नाही. पण त्याला संस्थेकडून कमिशन मिळतं, आणि ते काही आभाळातून पडत नाही. म्हणूनच पिग्मीचं व्याज मुदत ठेवीपेक्षा पुष्कळ कमी असतं. मुदतीआधी मोडली तर व्याज जातं, कित्येक ठिकाणी मुद्दलातूनही थोडं कापतात. म्हणजे राखणदारी आपण देतोच, फक्त ती आपल्या हातून जाताना दिसत नाही.

मी जिच्याकडून मेथी-कोथिंबीर घेते, त्या मावशींना मी एकदा विचारलं, "मावशी, एवढं कमी व्याज घेऊन याच्याकडे कशाला ठेवता? तुमचं बँकेत खातं आहे ना?"

जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "आवं बाई, घरी न्येला की पैसा घराचा हुतो. ह्याच्याकडं दिला की माझा ऱ्हातो."

मैत्रिणींनो, या दोन वाक्यांत सगळं अर्थशास्त्र आलं. मावशींच्या पथारीपुढे क्यूआर कोडची पाटी आहे. पण मोबाइल मुलाचा, त्यामुळे त्या पाटीवर येणारं गिऱ्हाईकांचं देणं थेट मुलाच्या खात्यात जातं. रोख घरी नेली तर नवऱ्याच्या खिशात जाते, नातवाच्या खाऊत जाते, शेजारणीच्या अडीनडीत जाते. यात कुणी दुष्ट नाही. हाताशी पैसा असला की हात पुढे होतातच. बँकेत जायचं तर पथारी सोडून जावं लागतं, आणि पथारी सोडली की धंदा बुडाला. तेव्हा मावशी पैसे देतात ते व्याजासाठी देत नाहीत. पैसा त्यांच्या स्वतःच्या आणि घराच्या हातापासून चार पावलं लांब राहावा, यासाठी देतात.

हे काही मावशींचंच वेगळेपण नाही. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन १९९७ साली माण देशी महिला सहकारी बँक सुरू केली. तिथल्या बायकांनाही मजुरी बुडवून बँकेत येणं परवडेना, म्हणून बँक त्यांच्या दारात जाऊ लागली. मग बायका म्हणाल्या, आम्हाला पासबुक नको. पासबुक घरात असलं की नवरा ते पाहतो, शिल्लक किती ते त्याला कळतं आणि मागणी सुरू होते. शिकलेल्या माणसाला सुचली नसती अशी ही अडचण, पण संसार केलेल्या बाईला लगेच कळावी.

फिलिपिन्स देशातल्या एका ग्रामीण बँकेत संशोधकांनी याची पद्धतशीर परीक्षाच घेतली. १३७ खातेदारांना त्यांनी सांगितलं की आमचा माणूस तुमच्या घरी येऊन बचत नेईल. ३८ जण तयार झाले, २० जणांनी ती सोय नेमाने वापरली. ज्यांच्यापुढे ही सोय ठेवली होती, त्या सगळ्यांची मिळून बचत सुमारे पाव हिश्श्याने वाढली आणि कर्ज काढण्याचं प्रमाणही किंचित घटलं. सोय घेणारे कोण होते? एक, बँकेपासून लांब राहणारे. आणि दोन, लग्न झालेले! वाचून मला हसू आलं. लग्न झालेल्या माणसाला पैसा घरापासून दूर ठेवण्याची गरज जास्त वाटते, हे सांगायला संशोधक कशाला हवेत? पण त्यांनी मोजून दाखवलं, हे बरं झालं.

इथवर सगळं पिग्मीच्या बाजूचं झालं. पण आपला प्रश्न कर्जातल्या माणसाचा आहे, आणि त्यातली गोम पुढेच आहे.

मावशींकडे संध्याकाळी पिग्मीवाला येतो, तसा आणखी एकजण येतो. त्याच्याकडे यंत्र नाही, एक वही आहे. तो हप्त्याचा माणूस. दहा हजारांचं कर्ज म्हणायचं, हातात नऊ हजार ठेवायचे. एक हजार व्याज म्हणून आधीच कापायचे. मग रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवसांत दहा हजार वसूल. बाजारात बसणाऱ्या कितीजणी या चक्रात आहेत ते त्यांनाच ठाऊक. ऐकायला वाटतं, हजारच तर रुपये, शेकडा दहा.

मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवते. सरळव्याजाचं हे उदाहरण आपण जरा मांडून पाहू. नऊ हजार हाती आले खरे. पण दुसऱ्या दिवसापासून शंभर-शंभर परत जाऊ लागले, म्हणजे शंभर दिवसांत सरासरीने वापरायला मिळाले ते साडेचार हजारांच्या आसपासच. तेवढ्यावर शंभर दिवसांचं व्याज एक हजार. वर्षाच्या हिशेबात हे शेकडा ७५ ते ८०च्या घरात जातं. शेकडा दहा नव्हे!

आता दुसरी बाजू. मावशी पिग्मीत रोज पन्नास टाकतात. एकही दिवस न चुकवता वर्षभर टाकले तर १८,२५० रुपये होतात. समजा व्याज शेकडा ४. पैसे हळूहळू साठत गेलेले असल्यामुळे व्याज निम्म्या रकमेवर पडतं, म्हणजे सुमारे ३६५ रुपये. दिवसाला एक रुपया. आणि हप्त्याच्या कर्जाचं व्याज? शंभर दिवसांना हजार. दिवसाला दहा रुपये.

एका हाताने रुपया मिळवायचा आणि दुसऱ्या हाताने दहा घालवायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ती ही गत.

यावरून कुणीही म्हणेल, उद्याच्या उद्या पिग्मी मोडा आणि कर्ज फेडा. वर्तमानपत्रांतले अर्थतज्ज्ञही हेच सांगतात की आधी महागडं कर्ज फेडा, बचत नंतर करा. मी हा सगळा हिशेब भाजीच्या कागदावर मांडून मावशींना दाखवला आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, "व्याज त्यानं पहिल्या दिशीच कापून घेतलंय. आता मधीच फेडून मला काय मिळणार? आन् पिग्मी मोडली तर पोरीची फी कुटून देऊ? परत त्याच्याकडंच जायाचं ना?"

खरंच आहे. व्याज आधीच कापलेलं असेल तर मधेच फेडून बाईच्या पदरात काही पडत नाही. आणि दुसरा मुद्दा तर याहून मोठा. मद्रासच्या आणि फिलिपिन्सच्या बाजारांतल्या विक्रेत्यांवर संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला होता. सावकाराचं जड व्याजाचं कर्ज त्यांनी स्वतः पैसे देऊन फेडून टाकलं. बायाबापड्या मोकळ्या झाल्या, आता त्या सुखी होतील असं वाटलं. पण बहुतेकजण सहा आठवड्यांच्या आत पुन्हा कर्जात! वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं तर ज्यांचं फेडलं आणि ज्यांचं फेडलं नाही, दोघांचं कर्ज सारखंच.

याचं कारण तुम्हांआम्हांला परकं नाही. कर्ज गेलं, पण हाताशी काहीच नाही. मग पावसात छप्पर गळलं, मूल तापलं, नणंदेकडचं कार्य निघालं की पुन्हा तोच दरवाजा. कर्ज फेडणं आणि कर्जातून सुटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मावशी पिग्मी धरून बसल्या होत्या ते अडाणीपणाने नव्हे. तो त्यांचा एकुलता एक आधार होता.

मग यातून वाट कोणती? ती आम्ही दोघींनी मिळून काढली. अर्ध्याहून अधिक त्यांनीच.

मागच्या जूनमध्ये मावशींच्या पिग्मीला वर्ष भरलं. हातात साडेअठरा हजारांवर रक्कम आली. धाकट्या मुलीचा बारावीनंतरच्या डिप्लोमाला नंबर लागला होता, तिची बारा हजार फी त्याच दिवशी भरून टाकली. उरले सहा हजार सहाशे. त्याच आठवड्यात हप्त्याच्या कर्जाचा शंभरावा दिवस आला. वहीवाला म्हणाला, "मावशी, दुसरं देऊ ना?" दर वेळी त्या हो म्हणत, कारण पहाटे माल उचलायला भांडवल लागतं आणि ते त्याच्याकडून यायचं. घरातही उरलेल्या पैशांची कुणकुण लागलीच होती. मुलाला मोटारसायकलच्या थकलेल्या हप्त्यांत ते भरायचे होते.

मावशी वहीवाल्याला नाही म्हणाल्या आणि मुलालाही नाही म्हणाल्या. सहा हजार सहाशेत भागेल एवढाच माल आणायचा असं त्यांनी ठरवलं. चार भाज्यांच्या जागी दोन. पथारी निम्मी रिकामी दिसायची, नेहमीची गिऱ्हाइकं शेजारी वळायची. ते दिवस सोपे नव्हते. मुलगा महिनाभर धड बोलत नव्हता, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

पण खरी युक्ती पुढे आहे. आतापर्यंत रोज शंभर वहीवाल्याला आणि पन्नास पिग्मीला जात होते. आता वहीवाल्याचे वाचले. हे वाचलेले शंभर मोकळे सोडले असते तर चार दिवसांत कुठे विरून गेले ते कळलंही नसतं. मावशींनी पिग्मीवाल्याला सांगितलं, "आजपास्नं एकशेवीस ने. मी नाय म्हनलं तरी थांब." धंदा कमी झालेला, म्हणून दीडशेच्या जागी एकशेवीस. जो हप्ता सावकाराला द्यायची सवय हाताला लागली होती, तोच हप्ता त्या स्वतःला देऊ लागल्या. शंभर दिवसांचे होतात बारा हजार, म्हणजे सावकार हातात ठेवायचा त्याहून तीन हजार जास्त.

गणपतीच्या सुमाराला नवऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं, चार हजार खर्च आला. पूर्वी असतं तर वहीवाला होताच. या वेळी त्यांनी पिग्मीच्या पुस्तकावरच कर्ज घेतलं. बऱ्याच संस्था साठलेल्या पिग्मीच्या तारणावर असं कर्ज देतात, आणि त्याचं व्याज पिग्मीच्या व्याजाहून थोडंच जास्त असतं. पिग्मी मोडली नाही, वहीही उघडली नाही. दिवाळीला पथारीवर पुन्हा चार भाज्या दिसल्या.

मावशींचं दारिद्र्य फिटलं, असं मी म्हणणार नाही. थोरल्या लेकीच्या बाळंतपणाची काळजी पुढे उभीच आहे, आणि वहीवाला अजून रोज समोरून जातो. पण तो थांबत नाही.

तेव्हा बहिणीच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर असं. पैसे देऊन सांभाळलेलं खातं कर्ज फेडत नाही. ते फक्त पैसा हातापासून दूर ठेवतं. कर्ज चालू ठेवून शेजारी नुसतं असं खातं उघडलं, तर माणूस दोन राखणदार पोसतो. पण सावकाराचा हप्ता ज्या दिवशी थांबेल, त्याच दिवशी तो हप्ता खात्याकडे वळवता आला, तर मात्र राखणदारीचे ते पैसे वसूल होतात. मोजायचं ते एवढंच की राखणदार दिवसाला किती घेतो, आणि तो नसता तर सावकार किती घेणार होता. रुपयाला दहा वाचत असतील तर खुशाल द्या. वाचत नसतील तर हळदीचा डबा बरा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय पथारीवर बसतो? आमच्या घरी पगार येतो. खरं आहे, पण पगाराच्या घरातही एक वहीवाला शिरलेला आहे. तो क्रेडिट कार्डाच्या रूपाने येतो. 'किमान रक्कम भरा' म्हणतो आणि उरलेल्यावर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज लावतो. वर्षाचं तुम्हीच करा. कित्येक घरांत नवरा कार्डाची किमान रक्कम भरत असतो आणि बायको त्याच महिन्यात शेकडा सहा-सात व्याजाच्या आवर्ती ठेवीत पैसे टाकत असते. दोघंही काटकसरीच करतात, फक्त एकमेकांना सांगत नाहीत! इथे मावशींचा नियम लागत नाही, कारण कार्डाचं व्याज आधी कापलेलं नसतं; ते रोज वाढतं. म्हणून महिनाभराचा घरखर्च बाजूला ठेवून बाकीची बचत आधी कार्डात भरा, आणि कार्ड संपलं की तोच आकडा पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीकडे वळवून घ्या. त्याला फी पडत नाही.

जाता जाता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. घरी काम करणाऱ्या बाईला, भाजीवालीला जरूर समजावून सांगा.

नुसतं खातं असायला पैसे पडत नाहीत. कमीत कमी शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं कुठल्याही बँकेत फुकट उघडता येतं. पैसे द्यायचे असलेच तर ते फक्त दारात येऊन रक्कम नेण्याच्या सोयीसाठी.

पिग्मी कुणाकडे आहे ते पाहा. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा लाखावरून पाच लाखांवर गेली. पुण्यातल्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला, तेव्हा या विम्याची किंमत इथल्या लोकांना कळली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. पतसंस्था वाईट असं नव्हे, पण सगळी अंडी त्या एका टोपलीत नकोत.

पैसे दिले की त्याच क्षणी चिठ्ठी घ्या किंवा मोबाइलवर संदेश आला का ते पाहा. 'उद्या एकदम लिहितो' हे ऐकून घेऊ नका. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन आकडा ताडून पाहा. मुदतीआधी मोडली तर किती कापणार आणि तारणावर कर्ज मिळतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

सावकारी करायला महाराष्ट्रात २०१४च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि सरकारने ठरवलेल्या दराहून जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी २०२० पासून पंतप्रधान स्वनिधी योजना आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या बदलानंतर तिचं पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत मिळतं, आणि वेळेवर फेडलं तर व्याजात सवलत आहे. मावशींनी तिचा अर्ज मुलीकडून भरून घेतला आहे.

आणि 'तुमचं कर्ज आम्ही मिटवून देतो, आधी फी भरा' असं फोनवर सांगणाऱ्याला फोनवरच नमस्कार करा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची आर्थिक साक्षरता केंद्रं हा सल्ला फुकट देतात. पुणे जिल्ह्यात ही अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र.

हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी असा कुणी दारात येत असता, तर माझ्या पाटल्या गहाण पडल्या नसत्या." पाटल्यांची ही गोष्ट या घरात येऊन बारा वर्षं झाली तरी मी कधी ऐकली नव्हती. तुमच्याही घरात अशी एखादी न सांगितलेली पाटली असेल. आज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कागद-पेन्सिल घेऊन बसा. घरातला कुठला पैसा दिवसाला रुपया मिळवतो आणि कुठला दहा घालवतो, तेवढं लिहून काढा. आणि तो कागद हळदीच्या डब्यात लपवू नका, घरात सगळ्यांना दाखवा.